लुटीतलेच कपडे

जिंकून घरी निघालेल्या फौजेला वाटेत अडवायला छातीच लागते. इसवी सनपूर्व आठव्या शतकात शोमरोनला परतणाऱ्या इस्राएलच्या सैन्यापुढे ओदेद नावाचा संदेष्टा असाच एकटा जाऊन उभा राहिला.

यहुदी शास्त्रातल्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात, २८व्या अध्यायात हा प्रसंग येतो. उत्तरेच्या इस्राएलने दक्षिणेच्या यहूदाला धूळ चारली होती. खरं तर दोघे भाऊबंदच. तरी २ लाख बायका-मुलं बंदी करून, लुटीचे ढीग घेऊन फौज निघाली होती. आकडा फुगवलेला असेलही, पण अन्याय त्याने लहान होत नाही.

ओदेद हरलेल्यांना निर्दोष ठरवत नाही. यहूदावर देव कोपला होता, म्हणूनच यहूदा तुमच्या हाती लागला, हे तो मान्य करतो. पण तुम्ही केलेली कत्तल आभाळाला जाऊन भिडली आहे आणि वर आता यांना गुलाम करणार? तुमच्या पदरी काय कमी पापं आहेत? मला हा सवाल फार मोलाचा वाटतो. समोरचा दोषी असला, म्हणून जिंकणाऱ्याला वाटेल ते करायची मोकळीक मिळत नाही.

त्याचं ऐकून एफ्राईमचे, म्हणजे त्याच इस्राएलचे, चार पुढारी आपल्याच सैनिकांना आडवे गेले: अजऱ्या, बरेख्या, यहिज्कीया आणि अमासा. ग्रंथकाराने त्यांची नावं बापाच्या नावासकट नोंदवली आहेत. या बंद्यांना इथे आणायचं नाही, आपला अपराध आधीच थोडा नाही, असं त्यांनी ठणकावलं. हत्यारबंद सैनिकांनी बंदी आणि लूट तिथेच सोडून दिली.

मग बंद्यांच्या उघड्या अंगांवर त्या लुटीतलेच कपडे चढले. पायांत वहाणा आल्या. खाणंपिणं झालं, अंगाला तेल लावलं गेलं. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना गाढवांवर बसवून, खजुरीच्या झाडांसाठी प्रसिद्ध असलेल्या यरीहोत त्यांच्या माणसांपर्यंत पोचवलं. याला मी उपकार म्हणणार नाही. ज्यांचं होतं ते त्यांना परत मिळालं.

याच शास्त्रात अमालेकी नावाच्या लोकांचा समूळ नाश करण्याची आज्ञाही आहे. ती लपवून हा प्रसंग सांगणं खोटेपणाचं होईल. पण हा प्रसंगही तितकाच त्या शास्त्राचा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. नवव्यापासून पंधराव्यापर्यंत अवघी सात वचनं आहेत. आज सकाळी तेवढी वाचाच.