श्यामचे अश्रू आणि मोळीचे ओझे

बालपणी आवडलेले पुस्तक माणसाला खरोखर घडविते, की घडल्याचा केवळ गोड आभास निर्माण करते? मराठी घरांपुरते बोलायचे तर हा प्रश्न प्रथम ‘श्यामची आई’ या पुस्तकाला विचारावा लागेल. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले; १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मुलांनी ते डोळे पुसत वाचले आहे आणि आईबापांनी मोठ्या विश्वासाने मुलांच्या हाती दिले आहे.

या विश्वासाला कारण आहे. प्रौढ माणूस वाचतो तेव्हा त्याची बुद्धी दाराशी पहारा करीत असते. मूल मात्र दार सताड उघडे ठेवते. सोळाव्या शतकात आविलाच्या संत तेरेजाने बालपणी भावासह संतांची चरित्रे वाचली आणि दोघांनी रक्तसाक्षी होण्यासाठी घर सोडण्याचा बेत केला. पुढे तीच तेरेजा आईप्रमाणे शूर सरदारांच्या अद्भुत कथांत रमली आणि वडिलांना नकळत त्या वाचू लागली. हे तिनेच आत्मचरित्रात नमूद केले आहे. उघड्या दारातून जे येईल ते आत येते. पुस्तक बी टाकते. मशागत मात्र माणसालाच करावी लागते.

‘श्यामची आई’ वाचताना आपण नेमके हेच विसरतो. त्या कथेतला श्याम पुस्तकांमुळे सुधारत नाही. उलट, मोठे होण्याच्या हौसेपायी तो एकदा पुस्तकासाठी पैसे चोरतो. त्याला सावरते ती दारिद्र्याने गांजलेली, पण मुलाच्या मनाकडे अखंड लक्ष ठेवणारी आई. तिची कथा वाचून रडणे सोपे आहे. तिच्यासारखे मुलाजवळ बसणे अवघड.

याच पुस्तकातील आणखी एक प्रसंग आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. मोळी पडलेल्या एका वृद्ध महार स्त्रीला हात देण्यासाठी आई श्यामला पाठविते. जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावात हे पान वाचणारे प्रत्येक मूल श्यामच्या जागी उभे राहीलच असे नाही. कोणाच्या पणजीने तशीच मोळी वाहिली असेल आणि तिला हात द्यायला कोणी आलेही नसेल. एकाच पानावर एका मुलाला चांगुलपणाचे समाधान लाभते, तर दुसऱ्याच्या मनात घराण्याचे जुने दुःख जागे होते. दोघांवरही सारखाच सुंदर संस्कार झाला असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल.

दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत येथे आठवावा. आपला शेजारी कोण, असे शास्त्र्याने विचारले. प्रभू येशूने तो प्रश्नच फिरविला आणि त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला, असे त्यालाच विचारले. वाटेवर पडलेल्याच्या बाजूने पाहावयास प्रभूने शिकविले. आवडते पुस्तकही असेच, मोळीखालच्या माणसाच्या बाजूने, पुन्हा वाचावयास हवे.

साने गुरुजींनी स्वतः ते वाचन कृतीत उतरविले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. आईच्या आठवणींनी आलेले अश्रू त्यांनी कागदावर वाळू दिले नाहीत.

म्हणून आमचे उत्तर असे : बालपणीचे पुस्तक माणसाला घडवीत नाही, ते त्याला ऋणी करते. ते ऋण पुढे आयुष्यभर फेडायचे असते. दिवसभर कापूस वेचून थकलेल्या आईला कदाचित वाचता येणार नाही. तिने भाकरी थापताना मुलाला मोठ्याने वाचावयास सांगावे आणि मधेच एवढेच विचारावे, “त्या म्हातारीला तेव्हा काय वाटले असेल रे?” उत्तर शोधता शोधता मूल पुस्तकातून माणसांत येईल.