पक्षकाराचा एकच दिवस

हेब्बाळच्या तळ्याकाठी फिरताना एका निवृत्त वकील स्नेह्यांशी माझा जो वाद सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, तो अद्याप मिटलेला नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. श्रीशानंद यांनी सुनावणीच्या ओघात याच शहरातील एका मुस्लिमबहुल वस्तीला ‘पाकिस्तान’ म्हटल्याची चित्रफीत त्या महिन्यात सर्वत्र पसरली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २० सप्टेंबरला स्वतःहून दखल घेतली. दुसऱ्याच दिवशी श्रीशानंद यांनी खुल्या न्यायालयात खेद व्यक्त केला. आणि भारताच्या कोणत्याही भागाला असे संबोधता येणार नाही, असे बजावून २५ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण मिटविले.

स्नेह्यांचे म्हणणे असे, की न्यायाधीशाला त्याच्या निकालांवरून जोखावे, तोंडून निसटलेल्या एका शब्दावरून नव्हे. यात तथ्य आहे. परंतु पूर्वीची कारकीर्द आजच्या पक्षकाराला कितपत हमी देते? १८९७ मध्ये टिळकांना जामीन मिळावा म्हणून बॅरिस्टर दिनशा दावर यांनी युक्तिवाद केला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो मान्य केला. १९०८ मध्ये तेच दावर न्यायासनावर होते. त्यांनी टिळकांना जामीन नाकारला. आणि सात युरोपीय व दोन पारशी अशा ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविल्यावर सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. उलट, १९१६ मध्ये टिळकांवरील जामिनकीचा हुकूम रद्द करणाऱ्या दोघा न्यायमूर्तींपैकी बॅचलर हे इंग्रज होते. न्यायाधीशाची जात वा कारकीर्द पाहून त्याचा निःपक्षपात गृहीत धरता येत नाही, असाच याचा अर्थ.

न्यायाधीशापुढे हजारो खटले येतात. पक्षकाराच्या आयुष्यात बहुधा एकच. त्या दिवशी जे कानी पडते, तीच त्याच्या लेखी त्या न्यायाधीशाची सारी कारकीर्द. आपली वस्ती देशाबाहेरची ठरविली गेल्याचे ऐकल्यावर निकाल अनुकूल लागला, तरी तो हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून त्याच्या पदरात पडतो. हानी आहे ती ही.

‘मग एका शब्दापायी मनुष्य कायमचा दोषी?’ स्नेही विचारतात. तसे मी म्हणत नाही. जेथे शब्द उच्चारला तेथेच खेद व्यक्त झाला, हे उचितच झाले. मात्र त्या खेदाची खरी कसोटी त्या वस्तीतील पुढचा मनुष्य न्यायासनासमोर उभा राहील, तेव्हा लागेल.