विकत घेतले म्हणजे आपले झाले काय?

१८८४ साली फ्रान्समध्ये काउंट द दियों या उमरावाने बुतों आणि त्रेपार्दू या दोन कारागिरांच्या हातून एक वाफेची गाडी घडवून घेतली. चार चाके, पुढे कोळशाचा बंब आणि पाठीला पाठ लावून बसणाऱ्या चौघांची सोय, असे तिचे रूप. काउंटच्या मातोश्रींच्या पदवीवरून तिचे नाव पडले 'ला मार्कीझ'. ७ ऑक्टोबर २०११ रोजी अमेरिकेतील हर्शी गावी ती लिलावात उभी राहिली. अद्याप चालती असलेली जगातील सर्वांत जुनी मोटार, अशी तिची ख्याती सांगण्यात आली. शेवटची बोली लागून कमिशनसह सुमारे ४६ लाख डॉलरना ती विकली गेली.

एवढे द्रव्य मोजणारा गृहस्थ त्या गाडीचा धनी झाला, हे कायद्याने निर्विवाद आहे. परंतु त्याने नेमके काय विकत घेतले? लोखंड, तांबे, पितळ यांना बाजारात काय भाव येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. उरलेली सारी किंमत ज्या गोष्टीची, ती तर विकणाऱ्यानेही निर्माण केलेली नव्हती आणि घेणाऱ्यानेही नव्हे.

गाडीचा पूर्ववृत्तान्त पाहावा. वाफेवर निष्ठा असलेले त्रेपार्दू, भागीदार पेट्रोलच्या इंजिनाकडे वळले तेव्हा, १८९४ मध्ये कारखाना सोडून गेले आणि कारखान्याच्या नावातून त्यांचे नाव गळले. पुढे १९०६ साली एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने ही गाडी घेतली. ती त्या कुटुंबात तब्बल ८१ वर्षे राहिली. पहिल्या महायुद्धात तिचे तांब्या-पितळेचे भाग युद्धकार्यासाठी काढून देण्यात आले. सांगाडा मात्र मोडीत गेला नाही. १९८७ नंतर नव्या ब्रिटिश मालकाने जाणत्या कारागिरांकरवी ती दुरुस्त करवून पुन्हा रस्त्यावर आणली.

यावर कोणी म्हणेल, 'मी माझा पैसा मोजला. आता वस्तू ठेवीन, झाकीन किंवा मोडीन. दुसऱ्याला काय त्याचे?' हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो. पण असे म्हणणाऱ्याने एक विचार करावा. मोडण्याचा हाच हक्क पूर्वीच्या प्रत्येक मालकाला होता. त्यांपैकी एकानेही तो बजावला असता तर आज बोली लावण्यास काही उरलेच नसते. म्हणजे नव्या धन्याच्या हाती जे आले, ते आधीच्यांनी आपला हक्क पुरता वापरला नाही म्हणून आले. ज्या संयमाचे फळ आपण उपभोगतो, तो संयम आपल्यावर मात्र बंधनकारक नाही, असे म्हणणे न्यायाला धरून होत नाही.

याचा अर्थ जुन्या वस्तूला माणसापेक्षा थोर मानावे असा नव्हे. देश संकटात असताना पितळ देऊन टाकणाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. गरजेपुरते देणे वेगळे आणि लहरीखातर नाश करणे वेगळे. लिलावही आम्हांस निंद्य वाटत नाही. मोठी किंमत आलेली वस्तू सहसा भंगारात जात नाही, हा पैशाचा उपकारच होय. मात्र ज्या काळात या गाडीला कोणी लाखो डॉलर देऊ केले नसते, त्या काळात तिला पैशाने राखलेले नाही; माणसांनी राखले.

म्हणून आमच्या मते अशा वस्तूच्या बाबतीत स्वामित्व ही पुरी मालकी नसून ठेव आहे. ठेव वापरता येते, तिचा आनंद घेता येतो, ती दुसऱ्याच्या स्वाधीनही करता येते. पण ती बुडविता येत नाही. वाडवडिलांकडून आलेली पेटी असो वा बाजारातून आणलेली जुनी पोथी, घरात आणताना तिचा भाव विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: आमच्यापर्यंत ही पोचावी म्हणून कोणी काय करण्याचे टाळले?