‘आढळत नाही’ म्हणण्याचा अधिकार

डिजिटल साधनांनी जगण्याचा वेग वाढवला. मग संथपणाचे काय करायचे, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. दिवसाचे काही तास यंत्राला द्यावेत आणि काही स्वतःसाठी राखावेत, असे त्याचे उत्तर सामान्यतः दिले जाते. हे उत्तर सोयीचे आहे. परंतु त्यामुळे हा प्रश्न केवळ वेळापत्रकाचा होऊन बसतो. वस्तुतः तो नैतिक प्रश्नही आहे, हे मला माझ्याच एका चुकीने शिकवले.

काही वर्षांपूर्वी, शतकाहून जुन्या एका मराठी प्रवासवर्णनावर मी लेख लिहिला. लेखकाची दृष्टी देवळांवर आणि विधींवर खिळलेली आहे, वाटेवरच्या रानाकडे व वस्तीकडे ती वळतच नाही, असे माझे प्रतिपादन होते. त्याच्या पुष्टीसाठी मी ग्रंथाच्या संगणकीय संहितेत ‘भोवताल’ हा शब्द शोधला. यंत्राने एकही स्थळ दाखवले नाही. ‘हा शब्ददेखील या ग्रंथात आढळत नाही’ असे वाक्य मी निःशंकपणे लिहून टाकले. ग्रंथ मी तरुणपणी वाचला होता. तो पुन्हा वाचावा, असे मला वाटले नाही.

लेख प्रसिद्ध झाल्यावर महाराष्ट्राबाहेरील एका शहरातून एका विद्यार्थिनीचे पत्र आले. त्यात नऊ पृष्ठांचे क्रमांक होते. त्या सर्व ठिकाणी जुन्या लेखनपद्धतीप्रमाणे ‘भोंवताल’ असे सानुस्वार रूप होते. १९६२ मध्ये मान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात स्पष्ट न उमटणारे अनुस्वार मराठीतून काढून टाकले. ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ ही त्याआधीची रूपे. हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो होतो. यंत्राची काहीच चूक नव्हती. जी अक्षरे मी विचारली, त्यांच्यापुरतेच उत्तर त्याने दिले होते. त्या उत्तराचा ग्रंथाविषयीचा निष्कर्ष केला तो मी. आणि ज्याच्यावर ठपका ठेवला, तो लेखक प्रत्युत्तर द्यायला हयात नव्हता.

या प्रसंगातून ‘पुन्हा कागदाकडे वळा’ असा बोध काढणे सोपे आहे. पण त्या पत्रातील पुढचा मजकूर त्या बोधाच्या आड येतो. तिच्या शहरातील कोणत्याही ग्रंथालयात तो ग्रंथ नव्हता. आंतरजालावरील छायाप्रत भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर मोठी करून, दोन महिने रोज संध्याकाळी थोडी थोडी अशी तिने ती वाचली होती. माझ्याकडे मात्र छापील प्रत हाताच्या अंतरावर, कपाटात होती. संथ वाचन पडद्यावर झाले होते आणि घाई पुस्तकांनी भरलेल्या खोलीत! तेव्हा संथपणा साधनात असतो, ही समजूत मला सोडावी लागली.

आणखी एक गोष्ट मान्य करावी लागेल. ज्या संथ दिवसांची आठवण माझ्या पिढीला हळवे करते, ते दिवस सर्वांसाठी संथ नव्हते. मी दुपारभर वाचीत बसे, तेव्हा घरातील पाणी, स्वयंपाक, आल्यागेल्याचे आदरातिथ्य दुसऱ्या कोणाच्या तरी माथी असे. ग्रंथालयाच्या पायऱ्या सर्वांनाच चढता येत नव्हत्या. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे कोणालाही घरबसल्या पाहता येते; एकेकाळी त्यासाठी प्रवास करावा लागे. ही सोय नाकारून संथपणाचा गौरव करणे, म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या सवलतीला सद्गुण म्हणणे होय.

कागदाच्या काळातही घाई होतीच. मूळ ग्रंथ न उघडता दुसऱ्याच्या प्रबंधातील अवतरण उचलणारे आम्हीच होतो. उलट, एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली, त्या कामाचा विचार करावा. प्रतींमधील पाठभेद एकत्र मांडण्याचे काम आज यंत्र थोड्या वेळात करू शकेल आणि ते त्याने अवश्य करावे. पण कोणता पाठ स्वीकारायचा, कोणता सोडायचा, हा निर्णय ग्रंथाच्या सहवासातून येतो आणि त्याचे उत्तरदायित्व निर्णय घेणाऱ्यावर राहते. तेथे वेग उपयोगी पडत नाही.

मला वाटते, समतोल शोधायचा तो येथे. यंत्र आणि हात यांच्यात तासांची वाटणी करण्यापेक्षा, आपण केलेले श्रम आणि आपण केलेले विधान यांचे प्रमाण पाहावे. ‘आढळते’ म्हणण्यास एक स्थळ पुरेसे असते. ते यंत्राने दाखवले तरी चालते. ‘आढळत नाही’ म्हणण्यास संपूर्ण ग्रंथातून जावे लागते. हा न्याय केवळ ग्रंथांना लागू नाही. कोणाची चार वाक्ये पडद्यावर वाचून ‘याला दुसऱ्याच्या दुःखाची जाणीवच नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. माणसाविषयी असे नकारार्थी विधान करण्यापूर्वी त्याच्याबरोबर किती काळ घालवला, हे स्वतःला विचारावयास हवे.

त्या विद्यार्थिनीला मी उत्तर लिहिले, दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि ग्रंथ पुन्हा वाचावयास घेतला. तिने दिलेल्या नऊ स्थळांखेरीज कितीतरी पृष्ठांवर त्या लेखकाने वाटेवरची झाडे, पाणवठे, उन्हात बसलेली माणसे टिपली आहेत. तेथे ‘भोंवताल’ हा शब्द नाही. ती पृष्ठे कोणत्याही शोधात सापडली नसती. आणि माझे मूळ प्रतिपादन चुकले होते, ते त्यांच्यामुळेच.