सर्वांचा दोष व सर्वांचे कर्तव्य

ज्या अपराधात प्रत्येकाचा वाटा तिळाएवढा असतो, त्याचा दोष कोणाच्या माथी यावा? हा प्रश्न पंडितांपुरताच आहे असे कोणी समजू नये. रिसोडच्या आठवडी बाजारात पावशेर मिरची घेऊन ती पन्नीत बांधून नेणाऱ्या प्रत्येक मनुष्यास तो लागू आहे.

त्या पन्नीचे पुढे काय होते ते पाहा. उकिरड्यावर पडली तर आतील खरकट्यासाठी गाय ती गिळते, व पोटात अशा पन्न्यांचा गोळा साचून जनावर दगावते. ओढ्यात पडली तर पुराबरोबर पैनगंगेस, तेथून वर्धा, प्राणहिता व गोदावरी ह्या मार्गे समुद्रास जाऊ शकते. ती कुजत नाही, तिचे बारीक कण मात्र होतात. पेटविली तर विषारी धूर होतो. शिवाय प्लॅस्टिक बहुतांशी खनिज तेल व वायू यांपासूनच बनते. २०१९ साली जगात हवा तापविणारे जे वायू सोडले गेले, त्यांपैकी सुमारे ३.४ टक्के प्लॅस्टिकमुळे होते, असा आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा हिशेब आहे. आणि त्यांतील फार मोठा भाग प्लॅस्टिक तयार होतानाच निघतो. म्हणून केवळ कचरा वेचून भागत नाही. वस्तू मुळात कमीच घेतली पाहिजे. ज्यांची तूर व सोयाबीन पावसावर अवलंबून आहेत, त्यांस ऋतू बिघडण्याचा अर्थ सांगावयास नको.

कोणी म्हणेल, "माझ्या एका पन्नीने काय होणार?" २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी वाहून नेणारी गटारे पिशव्यांनी तुंबलेली आढळली. त्यांतील कोणतीही एक पिशवी काढली असती तरी पूर ओसरला नसता. तथापि प्रत्येक पिशवी कोणीतरी एकानेच टाकली होती. वाटा लहान असला म्हणजे तो नाहीसा होत नाही.

दुसरा म्हणेल, "हे काम सरकारचे आहे." महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी बंदीचा हुकूम काढला व पहिल्या अपराधास ५,००० रुपये दंड ठेविला. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या कित्येक वस्तूंवर सर्व देशभर बंदी आली. तरीही पन्नी बाजारातून गेली नाही. ह्याचे कारण केवळ लोभ नव्हे. भाजीवाल्या बाईने एकटीने पन्नी नाकारली, तर गिऱ्हाईक शेजारच्या पालावर जाते व तिची दिवसाची कमाई बुडते. जे करण्यास एकीस पोटाची भाकर द्यावी लागते आणि इतरांस काहीच द्यावे लागत नाही, ते तिच्याकडूनच मागणे न्यायाचे होईल काय?

राष्ट्रांचीही हीच गत आहे. मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे त्यांनी ह्याविषयी करार करण्याचे ठरविले. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथील बैठक करारावाचून उठली. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, जे एकट्यास जड आहे ते सर्वांनी एकाच दिवशी आरंभिल्यास हलके होते. सर्व घरची माणसे जुन्या लुगड्याची पिशवी घेऊन बाजारास गेली, तर भाजीवालीचे एक पैशाचेही नुकसान होत नाही. गावाने वर्गणी करून स्टीलचे पेले व ताटे घेऊन ठेवावी, लग्नकार्यात पळसाच्या पत्रावळी वापराव्या, आणि पन्नी चुलीत किंवा उकिरड्यावर जाळू नये. वर्गणीचा भार मात्र ऐपतीप्रमाणे असावा. दिवसाच्या मजुरीतून एका धुण्यापुरती साबणाच्या चुऱ्याची पुडी घेणाऱ्या मजुरणीस दोष देण्यापूर्वी, ती पुडी बनविणाऱ्यास व ज्यास सबंध डबा परवडतो त्यास जाब विचारावा.

खेड्यांतील शिक्षकांनी व पुढाऱ्यांनी हा विषय येत्या बैठकीत काढावा, घरोघरचा होकार घ्यावा व एक बाजाराचा दिवस ठरवावा. त्या दिवशी कोणी पिशवी विसरला, तर शेजाऱ्याने आपली दुसरी त्यास द्यावी.