घंटा कुणाची, वेदी कुणाची?



वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहायला आपल्यापैकी काही जण गेले असतील. तिथे कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाजवळ, एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती नीट निरखून पाहा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे! १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे, भीमाशंकरला एक आहे.

तरुण मंडळी सरळ विचारतात, "फादर, त्या आपल्याच ना? मग परत का मागू नयेत?"

लूट ती लूटच, हे खरे. पण हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा लागेल. १५६७ साली गोव्यात सासष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली, तेही त्याच वहीत येते.

ख्रिस्तसभेचा कायदा इथे मालकी आणि पावित्र्य वेगळे ठेवतो. कलम ११७१ सांगते की उपासनेसाठी आशीर्वादित केलेली वस्तू खाजगी माणसाच्या मालकीची असली, तरी तिचा आदर राखावा, तिला भलत्या कामाला लावू नये. म्हणजे 'कुणाची' याआधी 'कशासाठी' हा प्रश्न येतो. मेणवलीची घंटा वितळवून तिची तोफ ओतली नाही. ती देवळाजवळ राहिली, आणि मरियेची आकृती कुणी घासून काढली नाही. मला यात तक्रारीपेक्षा आभाराला जागा दिसते.

वेदीचे मात्र वेगळे आहे. घंटा हाक मारते. मिस्साबली होतो तो वेदीवर. म्हणून चर्चची इमारत ऐहिक कामाला दिली, तरी वेदीचे समर्पण त्यामुळे संपत नाही, असे कलम १२३८ म्हणते. वेदी परक्यांनी नेण्याची भीती आज फारशी नाही. भीती आहे ती आपल्याच हातांची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांकडे तोंड करून मिस्सा सुरू झाली आणि कित्येक ठिकाणी जुन्या कोरीव वेद्या अडगळीत गेल्या किंवा फोडल्या गेल्या. परिषदेने तसे सांगितले नव्हते. उलट मौल्यवान उपासनासाहित्य हातचे जाऊ नये म्हणून महागुरूंनी दक्ष राहावे, असे तिने १९६३ सालीच बजावले होते.

तेव्हा चर्चला नवी ग्रॅनाइटची वेदी देऊ इच्छिणाऱ्यांनी जरूर यावे; पण जुनीचे काय करायचे, हे आधी मला सांगावे.