भिंतीवरची काच आणि घरातला प्रकाश



सरसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या पालीत एका नव्या घराची कल्पना करा. मुलगा अनेक वर्षे आखातात राबला आहे. घर पूर्ण होत आले आहे आणि बैठकीच्या खोलीची एक भिंत अजून मोकळी आहे. तेथे हाताने घडविलेले, मागून दिव्याने उजळणारे रंगीत काचेचे चित्र लावावे आणि त्यात सूरह अन्-नूरमधील प्रकाशाची आयत सुलेखनात असावी, अशी मुलाची इच्छा आहे. वडिलांना हा इसराफ, म्हणजे उधळपट्टी वाटते. मुलाचे म्हणणे असे की, जो पैसा अल्लाहच्या वचनासाठी खर्च झाला तो उधळपट्टी कसा ठरेल? हे घर कल्पनेतले असले, तरी हा वाद आपल्यापैकी अनेकांच्या घरांत होत असतो. पिता आणि पुत्र या दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे, ते समजून घेऊ. या कलेतील काच बहुधा वरून रंगविलेली नसते. काच वितळलेल्या अवस्थेत असतानाच तिच्यात धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टमुळे गडद निळा, तांब्यामुळे हिरवा किंवा लाल, मँगनीजमुळे जांभळा रंग येतो. कारागीर आराखडा काढतो, त्याबरहुकूम एकेक तुकडा कापतो, कडा घासतो, त्या शिशाच्या पट्ट्यांत किंवा तांब्याच्या पातळ फितीत बसवितो आणि कथील व शिसे वितळवून सांधे झाळतो. बोटे कापली जातात, शिशाचा धूर प्रकृतीला घातक असतो. एवढे श्रम झाल्यावरही ते चित्र प्रकाशावाचून निस्तेजच राहते. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखालील ग्रंथालयाची इमारत १८७८ साली पूर्ण झाली. तिच्या रंगीत काचेच्या खिडक्या दिवसा रस्त्यावरून पाहिल्या तर काळपट दिसतात. आत जाऊन उभे राहिले की त्याच खिडक्या झळाळून उठतात. रंग काचेत आहे, परंतु झळाळी काचेची नाही. तो प्रकाश तिच्यातून येतो, तिच्यापासून नव्हे.

हे ध्यानात घेऊन आता पवित्र कुरआनकडे वळू. सूरह अन्-नूरच्या ३५व्या आयतीत अल्लाहने आपल्या प्रकाशाची उपमा दिली आहे. भिंतीतील कोनाडा, कोनाड्यात दिवा, दिव्याभोवती काच, आणि ती काच चमकत्या ताऱ्यासारखी. अनेक भाष्यकारांनी हा दृष्टांत ईमानवंताच्या अंतःकरणाला लावला आहे. या दृष्टांतात काचेचे काम कोणते? ती ज्योतीला वाऱ्यापासून जपते आणि तिचा प्रकाश न अडविता बाहेर जाऊ देते. तिचे सौंदर्य तिच्या निर्मळपणात आहे. ती स्वतःकडे लक्ष वेधून घेऊ लागली, काजळी धरू लागली, की दिवा आत असूनही कोनाडा अंधारतो.

कुरआनात काचेचा आणखी एक विलक्षण प्रसंग सूरह अन्-नम्लच्या ४४व्या आयतीत आला आहे. सबाची राणी ह. सुलैमान (अलै.) यांच्या महालात प्रवेश करते, तेव्हा तेथील काचेची गुळगुळीत भूमी तिला पाण्याचा डोह वाटते आणि ती वस्त्र वर उचलते. ही काच आहे, असे तिला सांगितले जाते. ज्या डोळ्यांनी काचेला पाणी मानले, त्याच डोळ्यांनी आपण सूर्याला ईश्वर मानत होतो, हे जणू तिला त्या क्षणी उमगते, आणि ती सकल विश्वाच्या पालनकर्त्यापुढे नतमस्तक होते. म्हणजे काच माणसाला फसवू शकते आणि तिच्याच निमित्ताने माणसाचे डोळेही उघडू शकतात. आपल्या भिंतीवरची काच या दोहोंपैकी काय करणार, हाच खरा प्रश्न आहे.

सौंदर्य इस्लामला वर्ज्य नाही. सूरह अल्-आराफच्या ३१व्या आयतीत उधळपट्टीस मनाई आहे आणि लगेच पुढच्या आयतीत, अल्लाहने दासांसाठी निर्माण केलेली शोभा निषिद्ध ठरविणारे कोण, असा प्रश्न आहे. वडिलांची भूमिका पहिल्या आयतीत आहे, मुलाची दुसऱ्या आयतीत. मात्र कुरआनने त्या एकमेकींच्या शेजारी ठेवल्या आहेत. सहीह मुस्लिममधील एका हदीसीत एका व्यक्तीने विचारले की, आपली वस्त्रे आणि पादत्राणे चांगली असावीत असे माणसाला वाटते, हा अहंकार आहे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या उत्तराचा आशय असा की, अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे. अहंकार वेगळाच असतो. सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे, हा अहंकार होय.

तथापि भिंतींच्या सजावटीविषयी प्रेषितांचे (स.) वर्तनही आपल्यासमोर आहे. ह. आयशा (रजि.) यांनी एकदा घरात नक्षीदार पडदा लावला. प्रेषितांनी (स.) तो ओढून काढला आणि दगडमातीला वस्त्रे नेसविण्याची आज्ञा अल्लाहने आपल्याला दिलेली नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. ह. आयशा (रजि.) यांनी त्या कापडाच्या उशा केल्या, तेव्हा मात्र त्यांनी हरकत घेतली नाही. कापड तेच होते. भिंतीवर ते केवळ दिखाव्याचे होते, उशी होऊन ते कामी आले. दुसऱ्या एका प्रसंगी वेलबुट्टीच्या चादरीमुळे नमाजमध्ये लक्ष विचलित झाले, तेव्हा त्यांनी ती चादर दुसऱ्याकडे पाठवून साधी चादर मागविली. पुढे मस्जिदे नबवीचे काम काढताना ह. उमर (रजि.) यांनी बजावले होते की, लोकांना पावसापासून निवारा द्या, परंतु लाल-पिवळ्या रंगांनी त्यांना भुलवू नका. नंतर ह. उस्मान (रजि.) यांनी त्याच मस्जिदीला कोरीव दगडांचे खांब आणि सागाचे छत दिले. दोघेही खलीफा होते, दोघेही आपले आदर्श आहेत. यावरून असे दिसते की, शोभेची मर्यादा एकाच मापाने ठरत नाही. ती शोभा मनाला कोठे नेते, यावरून ती ठरते.

इतिहासातील एक उदाहरण येथे विचार करण्याजोगे आहे. चौदाव्या शतकात इजिप्त आणि सीरियातील मम्लूक राजवटीत मस्जिदींसाठी काचेचे अप्रतिम दिवे घडविले गेले. कैरोतील सुलतान हसन यांच्या मस्जिदीसाठी घडविलेले दिवे त्यांत प्रसिद्ध आहेत. अशा अनेक दिव्यांच्या गळ्याशी मीनाकारीत प्रकाशाची हीच आयत लिहिलेली असे, आणि खाली, फुगीर भागावर, दिवा देणाऱ्या सुलतानाचे किंवा अमीराचे नाव व बिरुदे असत. आत ज्योत पेटली की अल्लाहचे वचन उजळे आणि देणाऱ्याचे नावही उजळे. त्या दात्यांच्या अंतःकरणात काय होते, ते अल्लाहच जाणतो. आपण मात्र त्या दिव्यावरून स्वतःची परीक्षा घ्यावी. आपल्या भिंतीवर भले केवळ आयतच लिहिलेली असेल, परंतु पाहुणा आला आणि आपण ते बटण दाबले, तर त्या क्षणी आपल्याला कोणाचे नाव उजळावयाचे आहे?

म्हणून त्या पितापुत्रांनी आणि आपणही, खरेदीपूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. आपल्यावर कोणाचे कर्ज थकले आहे काय, जकात पूर्ण दिली आहे काय? या बाबी अपुऱ्या असतील, तर भिंत मोकळी राहिल्याने काही बिघडत नाही. ज्याने हे घडविले, त्याला त्याच्या श्रमाचे पूर्ण मोल मिळाले काय? मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध न्यायाच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, असा इशारा हदीसीत आहे. आयत सुंदर दिसावी म्हणून कारागिराला पिळून घेणे, यासारखी विसंगती नाही. त्या चित्राची जागा नमाज पढणाऱ्याच्या समोर तर नाही ना? आणि अल्लाहच्या वचनाचा आदर त्या खोलीत राखला जाईल काय? भिंतींवर आयती लिहिणे अनेक विद्वानांनी नापसंत केले, त्यामागे हाच अनादराचा धोका होता. ज्या आयतीखाली बसून आपण पाठीमागे निंदा करतो, ती आयत आपल्या घराची शोभा आहे की आपल्याविरुद्धची साक्ष?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर मुलाने ते चित्र अवश्य लावावे आणि वडिलांनी त्याला आशीर्वाद द्यावा. हलाल कमाईतून, हलाल कारागिरीला दिलेला मोबदला हाही एका घराची चूल पेटवितो.

परंतु एक गोष्ट विसरू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. झाडे, घरांची छपरे आणि विजेचे खांब कोसळले. जिल्ह्यातील कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा रात्री भिंतीवरचे सर्वांत महागडे चित्रही काळी काच होऊन राहते. त्या रात्री ज्या घराने शेजाऱ्याला कंदील दिला, ज्याचे छप्पर उडाले त्याला आपल्या पडवीत आसरा दिला, त्या घरात प्रकाश होता. शेजारी कोणत्या धर्माचा आहे, हे तो प्रकाश विचारत नाही.

सूरह अन्-नूरमधील ती आयत भिंतीवर बहुधा एकटीच लिहिली जाते. कुरआनात मात्र ती एकटी नाही. तिच्या लगेच पुढे अशा घरांचा उल्लेख आहे जेथे सकाळ-संध्याकाळ अल्लाहचे स्मरण होते, आणि अशा माणसांचा, ज्यांना व्यापार-उदीम त्या स्मरणापासून, नमाजपासून आणि जकातपासून गाफील करीत नाही. म्हणजे दृष्टांत दिव्यापासून सुरू होतो आणि माणसांपर्यंत येऊन पोहोचतो. काचेचे चित्र घरात आणणे सोपे आहे. स्वतः ती काच होणे, आपल्या अहंकाराची काजळी रोज पुसणे, आणि अल्लाहचा प्रकाश आपल्यातून दुसऱ्यापर्यंत जाऊ देणे, हे आयुष्यभराचे काम आहे.

अल्लाह आपल्या घरांना आणि अंतःकरणांना आपल्या नूरने उजळो. आमीन.